वीतभर बुद्ध

काठमांडूहून बागमतीचा पूल ओलांडला की पाटण लागतं. सरकारी कागदावर ललितपूर, नेवार माणसाच्या तोंडी यल. दरबार चौकातली देवळं आणि संग्रहालय बघून बहुतेक पर्यटक तिथूनच मागे फिरतात. जे आग्नेयेकडे, महाबौद्ध मंदिराच्या दिशेने चालत राहतात, त्यांच्या कानावर थोड्या वेळाने टकटक येऊ लागते. तांब्यावर पडणाऱ्या बारीक छिन्नीची. मध्येच कानशीची खरखर, मध्येच गॅसच्या ज्योतीचा फरफराट. गल्लीच्या दोन्ही अंगांना दुकानं आणि काचेआड बुद्ध: पुरुषभर उंचीचे, हातभर, वीतभर आणि करंगळीएवढेसुद्धा.

मोठ्या मूर्तीकडे मान आपोआप वळते. तिला मठ लागतो, उचलायला दहा माणसं लागतात, देणगीदारांची यादी लागते. वीतभर मूर्तीला लागतं एक घर आणि त्या घरातला एक कोनाडा. घडवताना मात्र मोठीला जे जे करावं लागतं ते जवळपास सगळं लहानीलाही करावं लागतं, आणि चूक झाकायला जागा कमी. गिऱ्हाइकाच्या हे सहसा ध्यानात येत नाही. तो किमतीची चिठ्ठी वाचतो आणि विचारतो, एवढ्याशा मूर्तीचे एवढे?

हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले ते प्रामुख्याने शाक्य. नेवार बौद्धांत शाक्य आणि वज्राचार्य ही विहारांशी बांधलेली कुळं. इथले भिक्षू कधीकाळी संसारी झाले, विहारांच्या चौकाभोवती घरं उठली, पण विहाराचं सभासदत्व बापाकडून मुलाकडे येत राहिलं. आजही शाक्यांचा मुलगा लहानपणी डोकं भादरून भिक्षू होतो, चीवर नेसतो, भिक्षा मागतो आणि चौथ्या दिवशी चीवर उतरवून घरी परततो. म्हणजे पुढे हातात छिन्नी धरणारा हा माणूस चार दिवसांचा का होईना, भिक्षू होऊन आलेला असतो. वज्राचार्यांकडे पौरोहित्य आणि शाक्यांकडे सोनारकाम, मूर्तिकाम, अशी ढोबळ वाटणी चालत आली.

या हातांची कीर्ती जुनी आहे. १२६० साली तिबेटात सोन्याचा स्तूप उभारायला नेपाळहून ८० कारागीर गेले. त्यांचा म्होरक्या अरनिको. जन्म १२४५चा, म्हणजे नुकतं मिसरूड फुटू लागलेला पोरगा. तिथून तो कुब्लाई खानाच्या दरबारी पोचला आणि मोठ्या हुद्द्यावर चढला. बीजिंगमध्ये आजही उभा असलेला पांढरा स्तूप त्याचाच, १२७९ साली पुरा झालेला. अरनिको पाटणला परतला नाही, १३०६ साली तिकडेच वारला. पण ल्हासाचा रस्ता त्याच्या मागून शतकानुशतकं पाटणच्या कारागिरांना पोसत राहिला. १९५९नंतर तिबेटी निर्वासित हिमालय उतरून आले, त्यांनी नेपाळ-भारतात नवे मठ बांधले, पाठोपाठ परदेशी बौद्धांची आणि पर्यटकांची रीघ लागली. मंदावलेला धंदा पुन्हा उभा राहिला तो या नव्या मागणीवर.

काम सुरू होतं मेणापासून. नुसतं मधमाश्यांचं मेण चालत नाही. त्यात सालवृक्षाची राळ आणि थोडं तूप किंवा तेल घालतात. उन्हाळ्यात राळ जास्त, थंडीत कमी. प्रमाण चुकलं तर जानेवारीत मेण तडकतं आणि मे महिन्यात मूर्ती बसल्या जागी ओघळू लागते. हे प्रमाण वहीत लिहिलेलं नसतं, बोटांना कळतं. कारागीर शेजारी निखाऱ्यांची शेगडी आणि पाण्याचं भांडं घेऊन बसतो. मेण उबवून मळायचं, त्याची पोळी लाटायची, त्या पोळीतून आतून पोकळ असं धड घडवायचं. हात, कमळासन, दागिने हे वेगळं घडवून नंतर जोडायचं. हत्यारं म्हशीच्या शिंगाची. कारण शिंग पाण्यात बुडवलं की मेणाला चिकटत नाही.

भूमिस्पर्श मुद्रेतल्या शाक्यमुनीचा उजवा हात जवळून बघण्यासारखा असतो. वीतभर मूर्तीत तो पंजा अंगठ्याच्या पेराएवढा. त्यात पाच बोटं, बोटांना सांधे, सगळी जमिनीकडे झुकलेली, आणि मधल्या बोटाचं टोक आसनाला टेकतं न टेकतं. बोटं एकमेकांना चिकटली तर हात वल्ह्यासारखा दिसतो. फार सुटी ठेवली तर ओतताना धातू टोकापर्यंत पोचत नाही किंवा पोचूनही पुढे धक्क्याने तुटतो. म्हणून बोटं सुटी दिसावीत पण मुळाशी जोडलेली राहावीत, अशी कसरत. महापुरुषाच्या ३२ लक्षणांत बोटांमधल्या जाळीचाही उल्लेख आहे. ते लक्षण शास्त्राने सांगितलं म्हणून मूर्तिकारांनी पाळलं, की मूर्तिकारांची सोय बघून शास्त्राने नोंदलं, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. कारागिराला ते सोयीचं पडलं एवढं खरं.

मापांचंही शास्त्र आहे. ‘दशतालन्यग्रोधपरिमंडलबुद्धप्रतिमालक्षण’ अशा भारदस्त नावाचं एक छोटंसं संस्कृत प्रकरण आहे. त्याचं तिबेटी भाषांतरही झालं. बुद्धाची उंची आणि पसरलेल्या हातांची रुंदी वडाच्या झाडाप्रमाणे सारखी असावी, चेहऱ्याच्या लांबीला ताल धरावं आणि तालाची अंगुळं पाडावीत, अशा तऱ्हेचा तो हिशेब. यातलं अंगुळ कारागिराचं नाही आणि यजमानाचंही नाही. ते मूर्तीचं स्वतःचं. त्यामुळे एकच आखणी पन्नास फुटी बुद्धाला चालते आणि पाच इंचीलाही. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात लहान आकारात डोळा फसतो. तंतोतंत लहान केलेला चेहरा पाच इंची मूर्तीत सपाट पडतो. मग मुरलेला हात पापणीची रेघ किंचित खोल नेतो, नाकाची धार किंचित वर उचलतो. शिकाऊ पोरगा मापं पाठ करतो. माप कुठे सोडायचं ते मात्र त्याला गुरूच्या शेजारी वर्षानुवर्षं बसूनच कळतं.

मेणाची मूर्ती झाली की ती मातीत गाडायची. पहिला लेप वस्त्रगाळ चिकणमाती आणि शेण यांचा, पातळ. पापणीची रेघ आणि केसांची कुरळी टोकं हाच लेप टिपून घेतो, म्हणून त्यात घाई चालत नाही. तो सावलीत वाळला की दुसरा, मग तिसरा. शेवटी भाताचं तूस घातलेला जाड लेप. भट्टीत तूस जळतं, मातीत बारीक भोकं राहतात आणि ओततानाचे वायू त्यांतून निसटतात. पुढे साचा तापवून मेण खाली ओघळवतात. ते वाया जात नाही, पुन्हा कामाला येतं. मग साचा लाल होईपर्यंत भाजायचा आणि मेणाने रिकाम्या केलेल्या जागेत तांब्याचा रस ओतायचा.

तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ओतायला हट्टी असतं. पितळ बारीक कोपऱ्यात सहज धावतं, तांबं मध्येच अडतं, हवा धरून ठेवतं. तरी पाटणच्या कारागिराला तांबंच प्यारं. कारण मऊ तांब्यावर छिन्नी मोकळी चालते आणि सोन्याचा मुलामा त्याच्यावर बसतो तसा दुसऱ्या कशावर बसत नाही. साचा निवला की हातोडीने फोडायचा. एक साचा, एक मूर्ती. आत काय आलं ते तेव्हाच कळतं. मोठ्या मूर्तीच्या खांद्यावर भोक पडलं असेल तर तांब्याचं ठिगळ बसवून, घासून ते बेमालूम करता येतं. वीतभर मूर्तीत नाकाशी बुडबुडा आला तर ठिगळ नाकाहून मोठं होणार. ती मूर्ती पुन्हा मुशीत जाते आणि मेण मळण्यापासूनचे सगळे दिवस पाण्यात.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. प्रत्येक मूर्तीचं मेण दरवेळी कोऱ्या हातांनी घडतं असं नाही. खपणाऱ्या मूर्तीचा एक नमुना ठरवून त्यावरून रबरी साचा करतात आणि मेणाच्या प्रती काढतात. त्याला कुणी फसवणूक म्हणू नये. प्रतीवर पुन्हा शिंगाची हत्यारं फिरतात, मातीचा साचा प्रत्येकीचा वेगळा असतो आणि ओतल्यानंतरचं छिन्नीकाम तर हातानेच. पण ज्या मूर्तीवर हे शेवटचं काम वाचवलेलं असतं, तिच्या चिवराची काठपट्टी बोटाखाली गुळगुळीत, बुळबुळीत लागते. छिन्नीने उठवलेल्या काठाला धार असते.

सोन्याचा मुलामा हा या कामाचा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात वाईट भाग. सोनं पाऱ्यात विरघळवून त्याची लोण्यासारखी लगदी करतात, ती तांब्यावर घासतात आणि वर ज्योत फिरवतात. पारा वाफ होऊन उडतो, सोनं मागे राहतं. मग अकीकाच्या दगडाने घोटलं की ती ओळखीची ऊबदार झळाळी येते. विजेच्या टाकीत चढवलेल्या सोन्याला ती येत नाही, हे मान्य. पण पाऱ्याची वाफ जाते कुठे? ती कारागिराच्या फुप्फुसात जाते, मज्जासंस्थेला पोखरते. जुन्या लोकांनी हे मुकाट सोसलं. आता पंखे, चिमण्या, मुखवटे आले आहेत, सगळीकडे सारखे नाहीत. घरच्या बुद्धाच्या चकाकीसाठी दुसऱ्याचे हात थरथरू लागावेत, हे निदान बुद्धाच्या बाबतीत तरी शोभत नाही. मुलामा न दिलेली, तेलकट तपकिरी तांब्याची मूर्ती घेतली तर काहीच बिघडत नाही. उलट छिन्नीचं काम तिच्यावर जास्त स्पष्ट दिसतं.

तिबेटी धाटणीच्या मूर्तीत चेहरा वेगळा रंगवतात. सोन्याची पूड सरसात कालवून तिचा मंद, न चमकणारा लेप चेहऱ्यावर देतात. केस निळे, ओठ लाल आणि सगळ्यांत शेवटी डोळे. हे काम बहुधा चित्रकाराचं. एका केसाच्या कुंचल्याने बुबुळ भरताना हात अर्धा मिलिमीटर सरकला तर बुद्ध तिरळा होतो.

एवढं झालं तरी नेवार किंवा तिबेटी घराच्या लेखी मूर्ती अजून रिकामी असते. अक्षरशः रिकामी, कारण ती पोकळ ओतलेली आहे. तिला पोथीप्रमाणे भरायचं असतं. मधोमध चंदनाची किंवा धुपीच्या लाकडाची काडी, मूर्तीचा जणू कणा. भोवती मंत्र लिहिलेल्या कागदाच्या घट्ट गुंडाळ्या, सुगंधी चूर्ण, धान्य, तीर्थक्षेत्रांची माती, जमल्यास एखाद्या गुरूच्या चिवराचा तुकडा. हे भरताना विधी होतो, पाठ होतो. मग बुडाशी तांब्याचा पत्रा बसवतात. पत्र्यावर विश्ववज्राची, म्हणजे चारी दिशांना टोकं असलेल्या वज्राची आकृती कोरलेली. मूर्तीच्या काठाचं तांबं छिन्नीने जागोजागी आत वळवून तो पत्रा पक्का करतात. ते नखाएवढे ओरखडे हाताने झाल्यामुळे कधीही सारख्या अंतरावर नसतात.

जुन्या मूर्तींच्या नशिबी हा पत्रा टिकणं फारसं नव्हतं. आत सोनंनाणं असेल या आशेने चोरांनी आणि दलालांनी ते उचकटले. जगभरच्या संग्रहालयांत त्यामुळे कितीतरी देखण्या मूर्ती रिकाम्या पोटाने बसल्या आहेत. जिचा पत्रा शाबूत असतो, तिचं अंतरंग अभ्यासक आता क्ष-किरणांनी बघतात. उघडण्याचा मोह आवरणं हेही एक शास्त्रच झालं आहे.

लहान मूर्तीची ही हौस पाटणपुरती कधीच नव्हती. बिहारमध्ये कुर्किहार इथे १९३० साली जमिनीतून दोनशेहून अधिक धातुमूर्ती निघाल्या, बऱ्याचशा पाल काळातल्या. काहींवर दात्यांचे लेख आहेत, त्यांत थेट कांचीहून आलेले लोक आहेत. स्वीडनमधल्या हेल्ग्यो बेटावर १९५६ साली उत्खननात एक बुद्ध सापडला, जेमतेम ८.४ सेंटिमीटरचा, सहाव्या शतकाच्या आसपास भारतीय उपखंडाच्या वायव्य टोकाला घडलेला. तो कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला, वाटेत कुणी त्याला पुजलं आणि कुणी नुसतं खेळणं म्हणून जवळ बाळगलं, याचा पत्ता नाही. पण खिशात मावणारी मूर्तीच एवढा प्रवास करू शकते. पुरुषभर बुद्ध स्वीडनला गेला नसता.

आणि आपलं सोपारा. मुंबईच्या वेशीवरच्या नालासोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली खणला, तेव्हा विटांच्या पोटात एक दगडी करंडा निघाला. त्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे, आणि या सगळ्यांभोवती कडं करून बसलेल्या ब्राँझच्या आठ छोट्या मूर्ती: सात मानुषी बुद्ध आणि आठवा यायचा असलेला मैत्रेय. मूर्ती साधारण आठव्या-नवव्या शतकातल्या, स्तूप त्यांच्याहून बराच जुना. म्हणजे कुणीतरी मध्ये स्तूप उघडला आणि आपल्या काळचे बुद्ध आत बसवून पुन्हा बंद केला. पाटणला मूर्तीच्या पोटात पवित्र वस्तू ठेवतात. सोपाऱ्याला पवित्र वस्तूंच्या राखणीला मूर्तीच बसवल्या. हा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला. लोकलने रोज नालासोपाऱ्याहून चर्चगेटला येणाऱ्या लाखोंपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असेल.

आजच्या महाराष्ट्रात घरोघरी बुद्ध आला तो मात्र वेगळ्या वाटेने. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेली मूर्ती बसवली. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. महिनाभराने, नोव्हेंबरात, प्रकृती ढासळलेली असताना बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले आणि तिथे त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केलं. पाटण तिथून हाकेच्या अंतरावर. ६ डिसेंबरला ते गेले. २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात मोजले गेले.

या घरांतला बुद्ध भिंतीतल्या फळीवर किंवा टीव्हीच्या कपाटावरच्या कप्प्यात असतो. खाली पांढरं कापड, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, पुढे मेणबत्ती, उदबत्ती, जास्वंद नाहीतर झेंडू. त्रिसरण, पंचशील होतं, पौर्णिमेला शेजारपाजारचे वंदनेला येतात, नव्या घरात पाऊल टाकताना आधी ही मूर्ती आत जाते. तिच्या पोटात मंत्र भरलेले नसतात आणि कुणी तसं सुचवलं तर घरातला एखादा काका हमखास बावीस प्रतिज्ञांची आठवण करून देईल. बरोबरच आहे. इथे मूर्ती देव म्हणून बसवलेली नाही. एका माणसाने काय सांगितलं ते रोज डोळ्यांसमोर राहावं, म्हणून ती आहे. बाबासाहेबांनी स्वतः काढलेल्या बुद्धाच्या चित्रात डोळे उघडे आहेत, आणि उघड्या डोळ्यांचा तो बुद्ध पुढे अनेक घरांत, विहारांत पोचला. पाटणचा चित्रकार अर्धोन्मीलित डोळ्यांसाठी श्वास रोखतो. इथल्या घराला मिटल्या पापण्यांचा नाही, बघणारा बुद्ध हवासा वाटला. मूर्तीत काय भरायचं आणि तिने कुठे बघायचं, हे शेवटी घर ठरवतं.

तक्रार एकच आहे आणि ती घरांविषयी नाही. दीक्षाभूमीवर दसऱ्याला आणि चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला पुस्तकांच्या ढिगांशेजारी मूर्तींचे ठेले लागतात. प्लास्टर, फायबर, राळमिश्रित भुकटी, थोडं पितळ. पुस्तक घेताना इथला माणूस लेखकाचं नाव बघतो, प्रकाशक बघतो, आवृत्ती विचारतो. मूर्तीच्या मागे कुणाचंच नाव नसतं. गरीब गिऱ्हाइकाला परवडणारी मूर्ती साच्यातली असणार, त्यात कमीपणा नाही. पण मूळ नमुना कुणीतरी हाताने घडवलेला असतोच. त्या चेहऱ्याचं श्रेय कुणालाच मिळत नाही, आणि म्हणून तोच तो चेहरा वर्षानुवर्षं झिजत, धार हरवत फिरत राहतो.

नेपाळला जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. १०० वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेणं तिथे गुन्हा आहे, आणि नवी असली तरी जुन्यासारखी दिसणारी मूर्ती नेताना पुरातत्त्व विभागाचा दाखला लागतो. दुकानदार तो मिळवून देतात, मागून घ्यावा. कुणी कानाशी लागून ‘जुनी आहे, आतून उघडलेली नाही’ असं म्हणालं तर तिथून उठावं. नेपाळच्या चौकांतून आणि देव्हाऱ्यांतून गेल्या शतकात एवढ्या मूर्ती चोरीला गेल्या की लैनसिंह बांगदेल यांनी १९८९ साली त्यांवर सबंध पुस्तक काढलं.

आणि दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाणाऱ्यांना विनंती एवढीच. पुढच्या खेपेला मूर्ती हातात घ्याल तेव्हा भाव करण्याआधी विक्रेत्याला विचारा, हिचा नमुना कुणी घडवला? त्याला सांगता येणार नाही, पहिल्या वर्षी तर नाहीच. तरी दरवर्षी विचारा. पुरेशा लोकांनी विचारलं तर तो मूर्ती आणतो त्या कारखान्यात जाऊन ते नाव विचारून येईल.